नागमोडी रेघ

नवरा खोटं बोलतोय की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही, असं बाईंचं वीस वर्षांच्या संसारानंतरचं मत होतं. प्रोफेसरांचं तोंड कायम सारखंच दिसायचं, शांत आणि जरा झोपाळू. त्या दिवशी सकाळी बाईंनी तोंड पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रोफेसरांचा लॅपटॉप उघडा पडला होता, शेजारी अर्धा प्यालेला चहा होता, आणि प्रोफेसर आत दाढी करत होते. बाई कप उचलायला वाकल्या आणि पडद्यावरची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. दुपारच्या भाषणाची शेवटची ओळ होती ती. कण दोन जागी एकदम किती वेळ राहू शकतो, त्याचं सूत्र. त्यापुढे एक नागमोडी रेघ. आणि रेघेपुढे आकडा: शंभर सेकंद.

कप पुन्हा टेबलावर आला तो आपटूनच.

"शंभर?" बाई न्हाणीघराच्या दिशेने ओरडल्या. "अरे, शंभर? सहा वर्षांपूर्वी सेकंदाचा दहावा हिस्सा होता!"

"साधारण दहावा हिस्सा म्हटलं होतं मी," आतून उत्तर आलं. नळाचा आवाज थांबला नाही.

"साधारण म्हणजे हजारपट?"

"अगं, हे असले अंदाज असतात. तू इंजिनियरसारखं बघतेस त्याच्याकडे."

लेक टोस्टला लोणी लावत होती. ती सोळा वर्षांची होती आणि या घरात वाढल्यामुळे तिला कशाचंच नवल उरलं नव्हतं. "आई, तू उगाच डोकं फोडून घेतेस," ती म्हणाली. "मी बाबाला 'कधी येणार?' असं विचारतच नाही. किती वाजेपर्यंत नक्की येणार नाहीस, एवढंच विचारते. त्याचं उत्तर बरोबर निघतं."

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी पिशवी उचलली, प्रोफेसर बाहेर यायच्या आत दार ओढून घेतलं आणि जिन्यावरून पाय आपटत खाली उतरल्या.

या रागाला कारण होतं, आणि ते समजायला फार शिकावं लागत नाही. जग चालवणारे दोन कर्ते आहेत. लहानसहान कणांचा कारभार क्वांटमकडे, आणि ग्रहताऱ्यांपासून घसरणाऱ्या बशीपर्यंतचा गुरुत्वाकर्षणाकडे. दोघंही आपापल्या घरात चोख. पण एका छपराखाली नांदायची वेळ आली की त्यांचं पटत नाही. क्वांटमच्या राज्यात कण इथेही असू शकतो आणि तिथेही, एकाच वेळी, मुलांच्या तळ्यात-मळ्यातसारखा दोन्हीकडे पाय ठेवून. खुर्चीला मात्र ही मुभा नाही. खुर्ची एकतर या खोलीत असते किंवा त्या खोलीत. का? कणांनीच तर खुर्ची बनते. मग मुभा नेमकी कुठे संपते?

प्रोफेसरांनी तरुणपणी या प्रश्नाला एक देखणं उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, मुभा गुरुत्वाकर्षण काढून घेतं. वजन असलेली वस्तू आपल्याभोवतीच्या अवकाशाला वाकवते. ती दोन जागी असेल तर अवकाशाला दोन तऱ्हांनी वाकावं लागेल, आणि अवकाश असं फार काळ सोसत नाही. वस्तू जितकी जड, तितका तिला निर्णय लवकर घ्यावा लागतो: इथे की तिथे. जड वस्तूला निर्णय टाळता येत नाही, या एका वाक्यावर प्रोफेसरांचं नाव झालं, आणि खरं सांगायचं तर बाईंनी लग्नही त्या वाक्याशीच केलं होतं.

प्रोफेसर स्वतः मात्र ऐंशी किलोचे असून त्यांनी जन्मात एक निर्णय घेतला नाही. लेकीची शाळा निवडायची वेळ आली तेव्हा "दोन्हींत तथ्य आहे" म्हणून बसले. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या आणि डॉक्टर विचारत होते, शस्त्रक्रिया करायची की नाही. तेव्हा पोटचा मुलगा व्हरांड्यात उभा राहून दोन्ही बाजू समजावून सांगत होता. सही बाईंनी केली. सासूबाई गेल्या, आणि "सुनेनं घाई केली" हे नातेवाइकांचं बोलणंही बाईंनीच ऐकलं. प्रोफेसर तेव्हाही गप्प राहिले. ते भिजत घोंगडं बाईंच्या मनात अजून तसंच पडून होतं.

बाईंचं काम प्रयोगाचं. संस्थेत त्यांना पाठीमागे सगळे 'तोफ' म्हणत, थोडं स्वभावामुळे आणि थोडं यंत्रामुळे. तळघरात माणसाहून उंच पोलादी नळी उभी होती. पंप लावून तिच्यातली हवा इतकी काढलेली की आत जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. धुळीच्या कणाहूनही बारीक असा काचेचा मणी प्रकाशाच्या चिमटीत धरायचा, थंड करायचा आणि वर फेकायचा. वर जाऊन खाली येईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. त्या अवधीत तो दोन वाटांनी एकदम जातो. खाली आला की एक ठिपका उमटतो. एका ठिपक्यातून काही कळत नाही, पण हजारो फेकींचे ठिपके जमले की त्यांचे पट्टे दिसतात. मण्याने मध्येच निर्णय घेतला असेल तर पट्टे उमटत नाहीत, नुसता डाग पडतो.

यातली खुबी अशी की पट्टे पुसले गेले असते तर त्याला पन्नास कारणं निघाली असती. हवेचा एखादा रेणू, भिंतीची ऊब, वरच्या मजल्यावर सरकवलेलं कपाट. पण पट्टे दिसले तर त्याला एकच कारण असू शकतं: निर्णय झालेलाच नाही. म्हणजे हा प्रयोग प्रोफेसरांना कधी खरं ठरवू शकत नव्हता, पण खोटं नक्की ठरवू शकत होता. बाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि प्रोफेसरांनाही.

आणि चूक पहिल्याच दिवशी झाली होती. सहा वर्षांपूर्वी संस्थेच्या सभागृहात प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिलं, या मण्यासाठी टिकण्याचा काळ नागमोडी रेघ सेकंदाचा दहावा हिस्सा. सिद्धांतवाल्यांच्या लिपीत नागमोडी रेघ म्हणजे 'साधारण'. बाईंनी विचारलं, "हे धरून चालू ना?" प्रोफेसर म्हणाले, "धरून चाल." बाई प्रयोगवाल्या. त्यांनी घरी जाताना ती रेघ मनात सरळ केली आणि तिच्या जागी बरोबरचं चिन्ह बसवलं. मग त्या चिन्हावर यंत्र उभं केलं. पहिल्या नळीत पट्टे दहाव्या हिश्शाच्या तिप्पट टिकले, तेव्हा प्रोफेसर म्हणाले, तीनपट म्हणजे काहीच नाही, साधारणमध्ये बसतं. बाईंनी जमीन खोदून नळी उंच केली. मागच्या हिवाळ्यात पट्टे पूर्ण एक सेकंद टिकले, दहापट, स्वच्छ, कुणी बोट ठेवू नये असे. आणि आता उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या गृहस्थांनी शेळ्या शंभर सेकंदांवर नेऊन बांधल्या होत्या. शंभर सेकंद मणी अधांतरी ठेवायचा तर नळी डोंगराहून उंच लागेल.

बाईंना यंत्राची हाव नव्हती. त्यांना एक उत्तर हवं होतं. विश्वाला विचारलेल्या एका प्रश्नाचं विश्वाने स्पष्ट 'नाही' असं उत्तर दिलं, आणि ते आपल्या हातून मिळालं, एवढं त्यांना सगळ्यांसमोर मान्य करून हवं होतं. ते मान्य करणारा माणूस एकच होता. सिद्धांत ज्याचा, त्याने सोडला तरच तो सुटला म्हणायचा. तोपर्यंत त्यांची सहा वर्षं म्हणजे कुणाच्या तरी अंदाजाची तळटीप.

सभागृह भरलेलं होतं. संचालक दारातच भेटले. "बाई, तुमच्यासाठी शेवटी पाच मिनिटं ठेवली आहेत हं. वेळ उरला तर."

"आणि नाही उरला तर?"

"तुमचे निकाल प्रोफेसर सांगतीलच की. घरचेच तर आहेत!" संचालक स्वतःच्याच विनोदावर हसले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना समोरच्या रांगेत काहीतरी काम आठवलं.

प्रोफेसर बोलायला उभे राहिले, आणि बोलले सुरेख. ते नेहमीच सुरेख बोलत. दोन कर्त्यांचं भांडण, अवकाशाची सहनशक्ती, जडाचा निर्णय. लोक माना डोलावत होते. वेळ सरत चालला तेव्हा कुठे बाईंचे पट्टे पडद्यावर आले, फार तर श्वास घेण्याइतका वेळ. "आमच्या प्रयोगगटाने घातलेली ही अत्यंत रंजक मर्यादा," प्रोफेसर म्हणाले.

"मर्यादा नाही, उत्तर आहे ते," बाई जागेवरून म्हणाल्या.

काही माना वळल्या. प्रोफेसर हसले. "चर्चेत घेऊ या." आणि त्यांनी पुढचं पान आणलं. नागमोडी रेघ, शंभर सेकंद.

चर्चा सुरू झाली तेव्हा बाई हात वर करून थांबल्या नाहीत. त्या सरळ व्यासपीठावर गेल्या, फळ्याखालचा खडू उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. "प्रोफेसर, सूत्र लिहा. बरोबरचं चिन्ह काढा. पुढे आकडा लिहा. तो कोणत्या मोजमापाने खोटा ठरेल तेही लिहा. मग मी खाली जाऊन बसते."

"हे इतकं सोपं नाही," प्रोफेसर खडू न घेता म्हणाले. "मण्याच्या वस्तुमानाचा पसारा किती धरायचा, यावर ते अवलंबून आहे. पसारा बारीक धरला तर निर्णय लवकर, मोठा धरला तर उशिरा. त्याबाबत अजून एकमत नाही."

"कुणाकुणाचं? सिद्धांत तुझा एकट्याचा आहे!" बाई चारचौघांत नवऱ्याला 'तुम्ही' म्हणत. ते या वेळी राहून गेलं. "पट्टे तिप्पट टिकले तेव्हा पसारा वेगळा होता. दहापट टिकले तेव्हा वेगळा. मी जितकं मोजीन तेवढा तुझा पसारा वाढणार का? नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात लोक. तू तर दर वर्षी अंगणच हलवतोस!"

कुणीतरी मागे खुदकन हसलं. संचालक घाईघाईने उठले. "फारच जिवंत चर्चा! चहा तयार आहे, चहा घेऊ या. मग बघू."

बाईंनी खडू जागेवर ठेवला आणि चहाच्या टेबलाकडे न बघता तळघराचा जिना उतरल्या. उतरता उतरता त्यांनी डोळे पुसले. चिडल्यावर त्यांना रडू यायचं, आणि त्या रडण्याचा त्यांना आणखी राग यायचा. खाली पंप एका सुरात घुमत होते. पंपांची देखभाल करणारा गृहस्थ, ज्याला सगळे पंपवाला म्हणत, नळीपाशी पान्हा घेऊन उभा होता. बाईंचा चेहरा बघून तो म्हणाला, "मी जरा वर चहा घेऊन येतो," आणि शहाण्या माणसासारखा निघून गेला.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. प्रोफेसर आले, पण आत आले नाहीत. दाराच्या चौकटीतच थांबले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सिद्धांत गेला. मागच्या हिवाळ्यातच गेला. तू पट्टे घेऊन घरी आलीस ना, त्या आठवड्यात मी सगळं परत मांडून पाहिलं. पसारा जास्तीत जास्त धरला, मण्याएवढा, तरी एक सेकंद टिकायला नको होतं."

बाई दोन पावलं दाराकडे आल्या. "मग शंभर कुठून आणलास?"

"पसारा मण्यापेक्षा मोठा धरला तर येतात शंभर."

"मण्यापेक्षा मोठा? म्हणजे मणी इथे आणि त्याचं वजन त्याच्या बाहेर?"

"हो." प्रोफेसर जमिनीकडे बघत होते. "त्याला अर्थ नाही. मला माहीत आहे."

"आणि तरी लिहिलंस. माहीत असून लिहिलंस." बाईंचा आवाज खाली आला, आणि ज्यांना बाई माहीत होत्या त्यांना हेही माहीत होतं की ओरडणाऱ्या बाई परवडल्या. "का?"

"तुझ्यासाठी." प्रोफेसरांनी आता वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर माया होती, हेच सगळ्यात वाईट होतं. "सिद्धांत मेला म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ही खोली काढून घेतली असती. मेलेल्याची नाडी कोण बघत बसतं? मी म्हटलं, जिवंत आहे म्हणत राहावं. तुझं यंत्र चालू राहील."

 वर्षभर बाईंनी स्वतःच्या निकालावर शंका घेतली होती. तीन वेळा नळी उघडून आरसे बदलले, प्रत्येक फेक पुन्हा तपासली. आपलंच कुठे चुकलं असेल म्हणून झोपेतून उठून बसल्या, आणि शेजारी हा माणूस उत्तर पोटात घेऊन घोरत होता. वर आता त्या घोरण्याला उपकार म्हणत होता.

"तुझी हिंमत झाली नाही," त्या म्हणाल्या, "आणि बिल माझ्या नावावर फाडतोस! मी कधी म्हटलं मला यंत्र हवं म्हणून? मला उत्तर हवं होतं. ते मिळालं होतं. तू लपवलंस. आईच्या वेळीसुद्धा असाच चौकटीत उभा होतास. आत नाही, बाहेर नाही. सही मी करायची, बोलणी मी खायची, आणि तू दोन्ही डगरींवर हात ठेवून सगळ्यांचा चांगला!"

"आईचा इथे काय संबंध?"

"वर चल. अजून लोक आहेत. हे जे मला सांगितलंस ते त्यांना सांग."

"आत्ता?" प्रोफेसर गडबडले. "आत्ता नको. जरा नीट लिहून काढतो. पुढच्या बैठकीत, साधारण…"

तो शब्द पुरा व्हायच्या आत बाई त्यांच्या शेजारून निघून गेल्या होत्या.

सभागृहात लोक कप हातात घेऊन घोळक्याने उभे होते. बाई व्यासपीठावर चढल्या. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला नाही, त्यांना लागायचा नाही.

"सिद्धांत चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "प्रोफेसरांनी आत्ताच खाली मला सांगितलं. त्यांना हे मागच्या हिवाळ्यापासून माहीत आहे. शंभर सेकंदांना काही अर्थ नाही, हेही माहीत आहे."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, नवऱ्याने एकांतात सांगितलेलं आपण गावभर केलं. वीस वर्षांत हे त्यांनी कधी केलं नव्हतं. आता घरी काय होईल याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. कपबशांचा आवाज थांबला होता. सगळे दाराकडे बघत होते. प्रोफेसर धापा टाकत दारात पोचले होते.

"खरं आहे का हे?" संचालकांनी विचारलं.

प्रोफेसरांनी चष्मा काढला.  मग ते दोन पावलं आत आले आणि म्हणाले, "हो. पट्टे टिकायला नको होते. टिकले. मी चुकलो."

 पुढच्या घोळक्यातल्या कुणीतरी कप ठेवून टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. संचालकांनी पुढे होऊन प्रोफेसरांचे दोन्ही हात धरले. "याला म्हणतात शास्त्रज्ञ! आयुष्यभराचा सिद्धांत असा सोडायला केवढं मोठं मन लागतं!" एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. लोक प्रोफेसरांच्या पाठीवर थाप मारायला रांग लावत होते, आणि प्रोफेसरांचा चेहरा ओझं उतरलेल्या माणसासारखा हलका होत चालला होता. लाजून ते म्हणत होते, "छे छे, कर्तव्यच ते."

पट्टे कुणी टिकवले, हे कुणीच विचारलं नाही. माहीत असून वर्षभर गप्प का बसलात, हेही नाही. बाई व्यासपीठावर उभ्या होत्या आणि खालच्या सगळ्या पाठी त्यांच्याकडे होत्या. एवढा राग त्यांना सकाळी आला नव्हता, तळघरातही आला नव्हता. पण या वेळी रडू आलं नाही.

त्यांनी प्रोफेसरांचा लॅपटॉप बंद केला, त्याची तार उपटली आणि त्या पाच मिनिटांसाठी आधीच आणून ठेवलेल्या आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर पट्टे आले, भिंतभर. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि ती ऐकू येईना तेव्हा पुन्हा आपटली. टाळ्या विरल्या. एकेक तोंड वळलं. प्रोफेसरांचं शेवटी वळलं.

"खाली बसा सगळे," बाई म्हणाल्या. "माझं बोलणं अजून सुरू व्हायचंय."